लाल, तीन नंबर

पिटेंड्री
१४ नोव्हेंबर १९५४

चि. वॉटी,

आजीचा आशीर्वाद. ग्रीनॉकपर्यंत माझा हात पोचत नाही, म्हणून पुढे वाचण्याआधी स्वतःचा कान स्वतःच पिळून घे.

सहा आठवडे झाले, तुझी एक ओळ नाही. पेडीबाई म्हणतात, गोदीत काम फार असतं. मी म्हटलं, नोहानंही जहाज बांधलं, वर त्यात जनावरं भरली, पण तो आजीला विसरला असं बायबलात कुठे नाही. असलंच, तर पेडीबाईंनी मला ते वाचून दाखवलेलं नाही.

गेल्या आठवड्यात दारातली पायरी पहिल्यांदा गोठली. पाय टाकला तशी कुरकुरली. मग मी माळ्यावरची टोपली खाली काढली. उन्हाळाभर गोल्फच्या मैदानाच्या कडेच्या काटेरी झुडपांतून वाकड्या काठीनं ओढून काढलेले चाळीसेक चेंडू आहेत. थंडीचा चेंडू निवडणं म्हणजे जावई निवडणं. उन्हाळ्यात काय, सगळेच उड्या मारतात.

तू विसरला असशील म्हणून सांगते. आधी चेंडू पायरीवर टाकून बघायचा. उन्हाळ्यात जो माझ्या एप्रनच्या गाठीपर्यंत उसळतो, तो गारठ्यात गुडघ्याशीच दम सोडतो. गुडघ्याच्या वर आला तो ठेवायचा. मग नखानं दाबायचा. दगडासारखा लागला तर त्याला जूनपर्यंत झोपू दे. गोठलेल्या दिवशी त्याला मारलंस की झिणझिण्या कोपरापर्यंत येतात, आणि तो हिरवळीवर उतरला की थांबायचं नाव घेत नाही. थोडा मऊ हवा, पण लेचापेचा नको. फटक्यानं काप जाऊन, तोंड उघडल्यासारखा हसरा झालेला तर टाकूनच द्यायचा. थंडीत हसणाऱ्यावर माझा विश्वास नाही. शेवटी भरपूर मीठ घातलेल्या पाण्यात सोडून बोटानं फिरवायचा. दर वेळी तो तीच बाजू वर आणत असेल, तर त्याच्या पोटात काहीतरी वाकडं आहे.

असे अकरा निघाले. सोड्यानं घासून, तळहातात लाल रंग घेऊन वळून काढले. माझे हात अजून खुन्यासारखे दिसतात. रविवारी पाद्रीसाहेबांनी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. वाळल्यावर प्रत्येकावर आजोबांची खूण काढली, नेहमीसारखी.

आता तुझ्याकडे वळते. तूसुद्धा दर पत्रात तीच बाजू वर आणतोस. 'मुकादम रजा देत नाही.' दोन वर्षं तोच मुकादम, तीच रजा. मग तुझ्या पोटात काय आहे, वॉटी?

त्रेपन्नच्या दोन जानेवारीला तू थंडीच्या चषकाची शेवटची लढत खेळून आलास. 'हरलो, आजी' म्हणालास. बरं, हरलास. तुझे आजोबा सतरा वेळा हरले आणि चारदा जिंकले. पण हरलेला माणूस जेवतो. तू ताटाला हात लावला नाहीस, आणि तिसऱ्या दिवशी बॅग भरून ग्रीनॉकला गेलास. तेव्हापासून मी पाववाल्याच्या दुकानात शिरले की बायकांचं बोलणं सुरी फिरवल्यासारखं तुटतं. क्लबाचा सचिव हेक्टर टार्व्हिट मला बघून रस्ता ओलांडतो. समोरासमोर गाठलंच तर टोपी काढतो, पण डोळे टोपीतच ठेवतो. मी एवढी काही देखणी राहिलेली नाही की पुरुषांनी डोळे झाकावेत.

दोन जानेवारीला पुन्हा चषक आहे. ये. खेळ. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. चेंडू उबेत ठेवले तर उसळी परत येते, पण मला कुठल्या चुलीवर ठेवणार?

आणि एक. मला अक्षर येत नाही हे तुला, मला, पेडीबाईंना आणि देवाला ठाऊक आहे. पाचवा कोणी होऊ देऊ नकोस.

तुझी आजी,
ग्रिझेल गूर्ली

(खालच्या मजल्यावरच्या पेडीकडून: आजी जे सांगतात तेच मी लिहिते. जावयाबद्दलचं वाक्य गाळावं असं सुचवलं होतं. काठी आपटली गेली. — इना पेडी)


ग्रीनॉक
२२ नोव्हेंबर १९५४

प्रिय आजी,

कान पिळला. दोन्ही पिळले, एक उधार नको.

मी बरा आहे. इथे पाऊस असा पडतो की हेरिंग मासे घरपोच यावेत, पण घरमालकीण ते असे तळते की त्यांना पुन्हा समुद्रात सोडावंसं वाटतं. गोदीत नव्या जहाजाचा सांगाडा उभा राहिलाय. एखाद्या शनिवारी दुपारी गोदीतली मंडळी मला टेकडीवरच्या गोल्फच्या मैदानात नेतात. तिकडे आपल्यासारखी वाळूची कडक जमीन नाही, नुसता चिखल. चेंडू पडला की अंड्यासारखा रुतून बसतो. अशा जागी काय न्यावं, ते सांग.

चषकाचं म्हणशील तर मुकादम खरंच रजा देत नाही. यंदा दुसऱ्या कोणीतरी न्यावा. माझ्यासाठी चेंडू रंगवू नकोस, हात खराब होतात. आणि रंगवलेच तर नुसते लाल ठेव. खूण नको काढूस.

पाववाल्याकडच्या बायकांचं मनावर घेऊ नकोस. तू शिरलीस की त्यांना आपलं बोलणं फिकं वाटत असेल.

जप स्वतःला.

तुझा,
वॉटी

[तिसरं पान]

मिस पेडी,

हे पान फक्त तुमच्यासाठी. आजीला वाचून दाखवू नका. गाव काय म्हणतं ते तुम्ही ऐकलंच आहे, तरी तुम्ही तिची पत्रं लिहिता. म्हणून खरं काय ते एकदा कोणालातरी सांगावंसं वाटलं.

त्या दिवशी बर्फ होतं. टार्व्हिटसाहेब आणि मी सतराव्या होलपर्यंत बरोबरीत होतो; राहिलं होतं शेवटचं, अठरावं. नियमाप्रमाणे मी आधीच मोठ्यानं सांगितलं होतं: 'माझा चेंडू लाल, तीन नंबर.' फटका उजवीकडे झुडपांत गेला. शोधलं, कडेलाच लाल चेंडू दिसला, वर तीन. खेळलो, होल घेतलं, लढतही घेतली. टार्व्हिटसाहेबांचा हातमोजा तिकडे पडला होता, तो आणायला ते परत गेले. आले तेव्हा त्यांच्या हातात आणखी एक लाल चेंडू होता, वर तीन. जिथे जायला हवा होता, बरोबर तिथे सापडलेला.

ते म्हणाले, 'खिसे दाखव.' मी दाखवले. आणखी दोन निघाले. दोन्हींवर तीन.

आता तुम्हीच सांगा, ज्याच्याजवळ एकाच नंबरचे तीन-तीन चेंडू, तो कशासाठी बाळगत असेल? एक हरवला की दुसरा हळूच टाकायला. दुसरा काही अर्थ निघतच नाही.

खरा अर्थ असा: आजोबांनी शेवटचा चषक ज्या चेंडूनं जिंकला तो आजीच्या फळीवर अंड्याच्या कपात बसलाय ना, त्यावर तीन आहे. आजीला तो आकडा वाटतच नाही. तिच्या लेखी ती आजोबांची खूण. जुने चेंडू घासले की नंबर जातो. ती रंगवते आणि सगळ्यांवर तीच खूण चितारते. मला ठाऊक होतं. एरवी मी शिसपेन्सिलीनं ठिपके देऊन ते वेगळे करायचो. त्या सकाळी तिनं भट्टीतून गरम गरम काढून मोज्यात बांधून दिले, बोटं गारठली होती, ठिपके राहिले. कडेला सापडला तो आदल्या आठवड्यात सरावात हरवलेला असणार. चूक माझी, चोरी नाही.

क्लबात विचारलं, 'हे रंगवले कोणी?' मी म्हणालो, 'मी.' 'आजीनं' म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, सगळ्यांवर तीनच का? आणि मग आख्ख्या गावाला कळलं असतं की साठ वर्षं चर्चमध्ये स्तोत्रांचं पुस्तक धरून उभी राहणारी ग्रिझेल गूर्ली ते नुसतं धरते.

क्लबाच्या सभासदांच्या फळ्यावरून माझं नाव खोडलं. खोडू दे. तिला कळू देऊ नका.

वॉ. गू.


पिटेंड्री
२८ नोव्हेंबर १९५४

वॉटी,

आज आशीर्वाद उशिरा मिळेल. आधी हिशेब.

पानं मोजायला अक्षर लागत नाही. पाकिटातून तीन पानं निघाली. पेडीबाईंनी दोन वाचली. दुसऱ्याच्या शेवटी 'तुझा वॉटी' आलं, आणि तिसरं पान त्यांच्या मांडीवर उलटं पडलं. मग त्यांनी घसा खाकरला. ही बाई तीस वर्षं टपालकचेरीत बसली, लोकांच्या मरणाच्या तारा न खाकरता वाचल्या.

मी म्हटलं, 'पेडीबाई, तिसरं?'

'ते कोरं आहे.'

'कोरं पान पाठवायला माझा नातू लॉर्ड आहे का? तो लिफाफासुद्धा उलटा करून पुन्हा वापरतो.'

'नाही, म्हणजे, त्यात गोदीच्या कामाचं आहे.'

'मग तुम्हाला कशाला? तुम्ही गोदीत लागलात?'

त्यावर त्यांना एकदम चुलीवरचा पाव आठवला. त्यांची चूल त्या वेळी विझलेली होती. मी विचारून घेतलं.

(हे सर्व मी जसंच्या तसं लिहिलं आहे. मी खोटं कधी लिहीत नाही. कधीकधी वाचत नाही, एवढंच. — इ. पे.)

बघ, लिहून मला वाचूनही दाखवलं, कशी कबूल झाली! आता मी चार दिवस झोपून, उठून, बसून विचार करतेय. तू तुरुंगात आहेस म्हणावं, तर तुरुंगात शनिवारी गोल्फ खेळायला नेत नाहीत. लग्न केलंस म्हणावं, तर घरमालकीण एवढे वाईट मासे तुला घालती ना. आजारी असशील, तर मला सांगितलं पाहिजे. छातीत काही आहे का? रक्त पडतं का? एवढंच 'नाही' म्हणून लिही, आणि ते पेडीबाईंना दोनदा वाचायला लावेन. एकदा उजेडात, एकदा त्यांच्या तोंडाकडे बघत.

आणि खूण का नको? चाळीस वर्षं तुझे आजोबा जी खूण घेऊन थंडीवाऱ्यात खेळले, ती तुला एकाएकी नकोशी झाली? मला ती फार आवडते. एका बाजूला दोन पोटं फुगलेली, जशी गरोदर बाई आणि तिच्याखाली तिची गरोदर बहीण. एवढी एकच गोष्ट मी बघून हुबेहूब काढू शकते. तुला त्याची लाज वाटते का? तिकडे गोदीत हसतात का?

चिखलाचं विचारलंस त्याचं उत्तर देते, कारण रागात असले तरी चेंडूच्या बाबतीत मी अन्याय करत नाही. चिखलात उसळी बघूच नकोस. तिथे कोणाचाच चेंडू उसळत नाही. तिथे मऊ, चांगला रंगवलेला, गुळगुळीत घे, म्हणजे चिखल चिकटला तरी पुसून निघतो. आणि लालच घे. पांढऱ्यावर माती बसली की तो शेळीच्या लेंडीसारखा दिसतो. मग जे सापडेल ते माझंच, म्हणायची पाळी येते.

पार्सलमध्ये चार पाठवतेय. खूण आहे. असणारच.

ग्रिझेल

(शेवटच्या वाक्यापाशी आजी थांबल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. माझा टाक कागदावर तसाच टेकून राहिला. शाईचा डाग त्याचा. — इ. पे.)


पिटेंड्री
३ डिसेंबर १९५४

प्रिय वॉल्टर,

घाईत लिहिते. तिसरं पान मी शिवणाच्या डब्यात, बटणांखाली ठेवलं होतं. काल दुपारी आजी 'सुई द्या' म्हणून आल्या. मी चहा करायला आत गेले. परत आले तर सुई टेबलावर, आणि आजी नाहीत.

आज सकाळी डबा उघडला. पान नाही.

वर जाऊन बघितलं तर आजी रविवारची काळी टोपी घालून जिना उतरत होत्या. रविवार सोडला तर ती टोपी त्या मर्तिकाला किंवा भांडायलाच घालतात. मी म्हटलं, 'आजी, कुठे?' त्या म्हणाल्या, 'जिथे तुमचा घसा खाकरणार नाही तिथे.'

त्या ते पान कोणाकडेतरी वाचायला नेणार. कोणाकडे, मला ठाऊक नाही. मला क्षमा कर.

इना पेडी


टार्व्हिट यांचं खिळे-रंग-दिव्यांचं दुकान
पिटेंड्री
३ डिसेंबर १९५४

वॉटी,

अक्षर बदललेलं दिसेल. हे हेक्टर टार्व्हिटचं आहे. गच्च धरून लिहितो, जसं काही टाक पळून जाणार आहे. मी सांगते आणि तो लिहितो, कारण आज माझ्यासमोर 'नाही' म्हणायची त्याची छाती नाही.

मी इथेच का आले ते सांगते. पाद्रीसाहेब बायकोला सांगतात. डॉक्टर सगळ्यांना सांगतो. पेडीबाई तुझ्या कटात. आणि पेडीबाईंना हेक्टर आवडत नाही, तेव्हा तो त्यांच्या कटात नसणार. चांगला विचार केला होता मी. पायरीवर टाकून बघितला, नखानं दाबून बघितला.

दुकानात शिरले. तो एका शिडीवर. मला बघितलं आणि वरच थांबला, मांजरानं झाडावर थांबावं तसा.

मी म्हटलं, 'उतर रे. रस्ता ओलांडायला आज रस्ता नाही.'

'मिसेस गूर्ली, काय देऊ?'

'काही देऊ नकोस. माझा चष्मा फुटलाय. एवढं पान वाचून दाखव. नातवाचं आहे.'

चष्मा मी कधी लावतच नाही. पण पुरुष बघतात कुठे.

त्यानं वाचायला सुरुवात केली. 'मिस पेडी, हे पान फक्त तुमच्यासाठी.' लगेच थांबला. म्हणाला, 'हे तुम्हाला नाही.' मी म्हटलं, 'तेच तर. वाच.' म्हणाला, 'दुसऱ्याचं पत्र मी वाचत नाही.' मी म्हटलं, 'हेक्टर, तुझी आई तुला माझ्या दारात सोडून बंदरावर जायची, तेव्हा तुझं नाक मी याच एप्रननं पुसलंय. वाच.'

वाचत गेला. खिशांपर्यंत आवाज नीट होता. थोडा ताठच, 'मी सांगितलंच होतं' असा. मग 'खरा अर्थ असा' आलं. मग एकेक शब्द लांब होत गेला. 'आजीला तो आकडा वाटतच नाही' इथे तो थांबला. त्यानं माझ्याकडे बघितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा टोपीतून डोळे बाहेर काढले.

मी म्हटलं, 'कसला आकडा?'

तो म्हणाला, 'मिसेस गूर्ली, तो तीन आहे.'

वॉटी, मी दुकानातल्या पिंपावर बसले. मोजता मला येतं. नाण्यांवर राजाचं डोकं असतं, घड्याळावर काठ्या असतात, दोरीला गाठी मारल्या की आठवडा होतो. तीन म्हणजे किती ते मला ठाऊक आहे. तो दिसतो कसा ते मला कोणी दाखवलंच नव्हतं. ज्या वयात दाखवतात त्या वयात मी चेंडूवाल्याच्या कारखान्यात तळहातावर रंग घेऊन बसले होते. अकरा चेंडूंवर मी अकरा वेळा तीन लिहिलं. मी लिहीत होते, आणि मलाच माहीत नव्हतं!

मी हेक्टरला म्हटलं, 'पुढे वाच.' त्यानं शेवटपर्यंत वाचलं. स्तोत्रांच्या पुस्तकाचंही वाचलं. मग शिडीला धरून उभा राहिला.

'मी त्याला विचारलं होतं, रंगवले कोणी. तो म्हणाला, मी. पुढे काही विचारायचं मला सुचलंच नाही.'

'लाल रंग तुझ्याच दुकानातून येतो ना? कोण घेऊन जायचं?'

'तुम्ही.'

'मग?'

'मला वाटलं, खुर्चीला.'

दरवर्षी एक डबा. माझ्याकडे खुर्च्या किती असाव्यात?

(हे विधान बरोबर आहे. मी त्याचा विचार केला नाही. — एच. टार्व्हिट, सचिव)

आता तुझं. लाज माझी, आणि ती पांघरून हिंडलास तू? मला विचारलंस? दोन वर्षं मी तुझी वाट बघितली, ती माझीच अब्रू राखण्यासाठी? तुझ्यासारखा मूर्ख मी पाळण्यात ओळखायला हवा होता. तेव्हाही भूक लागली की तू रडायचा नाहीस, नुसता लाल व्हायचास.

पुढच्या शनिवारी क्लबाची सभा आहे. बाईनं आत जायचं नसतं. बघू.

ग्रिझेल

(वॉल्टर, नियम स्पष्ट आहे: चुकीचा चेंडू खेळलास, तेव्हा ते होल तुझ्या हातून गेलं, आणि त्याबरोबर लढत. हे मी बदलू शकत नाही. बाकीचं जे मी म्हणालो होतो ते मी जिथे म्हणालो तिथेच, उभा राहून, मागे घेईन. — एच. टी.)


पिटेंड्री
१३ डिसेंबर १९५४

चि. वॉटी,

पुन्हा पेडीबाईंचं अक्षर आहे. आमचा समेट झाला. त्या म्हणाल्या, 'तुम्ही माझ्या डब्यातून चोरी केलीत.' मी म्हटलं, 'तुम्ही माझ्या नातवाच्या पत्रातून चोरी केलीत.' मग दोघींनी ओटचा पाव खाल्ला. भाजलेला होता, या वेळी चूल खरंच पेटली होती.

शनिवारचं ऐक. मी काळी टोपी घातली, टोपली उचलली. क्लबाच्या दारात म्हाताऱ्या रॅटरेनं अडवलं. 'बायकांना आत परवानगी नाही, ग्रिझेल.' मी म्हटलं, 'मी कुठे आत येतेय? मी चेंडू आत आणतेय. मी फक्त त्यांना लटकलेली आहे.'

आत वीस-बावीस जण होते. धूर एवढा की कोणाचं तोंड कोणाचं ते कळेना, ते एका अर्थी बरं झालं. टोपली टेबलावर उपडी केली. उरलेले सात, आणि जुने, झुडपांतून परत आलेले, आणखी नऊ. सगळे लाल. घरंगळत गेले, लोकांनी पेल्यांनी अडवले. मग मी फळीवरचा, आजोबांचा, अंड्याच्या कपासकट मधोमध ठेवला.

मी म्हटलं, 'प्रत्येकानं एक उचला आणि काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचा.'

'तीन,' रॅटरे म्हणाला. 'तीन,' त्याच्या शेजारचा. 'तीन.' 'तीन.' असं टेबलभर फिरलं, चर्चमध्ये 'आमेन' फिरावं तसं.

मी म्हटलं, 'हे मी लिहिलंय. मला एवढंच लिहिता येतं. त्याचा उच्चार मला गेल्या आठवड्यात कळला. माझ्या नातवानं तुम्हाला एक खोटं सांगितलं, की चेंडू त्यानं रंगवले. ते खोटं माझं होतं, त्यानं उचलून नेलं. आता परत आणलंय. ज्याला हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं. थंडीत हसणाऱ्याचं मी काय करते, ते माझ्या घरच्यांना माहीत आहे.'

कोणी हसलं नाही. हेक्टर उभा राहिला, वही उघडली आणि तुझ्याबद्दल जे म्हणाला होता ते मागे घेतलं. चषक तुला नाही. तो त्यानं दिलाही नाही आणि मी मागितलाही नाही. चुकीच्या चेंडूला चुकीचा चेंडूच म्हणायचं. पण फळ्यावर तुझं नाव त्यानं स्वतः लिहिलं. खडू दोनदा मोडला.

आज पाववाल्याकडे गेले. मी शिरले तरी बोलणं थांबलं नाही. माझ्याबद्दलच चाललं होतं. किती बरं वाटलं म्हणून सांगू.

आता तीनावर अडून चालायचं नाही. पेडीबाई मला चार शिकवताहेत. चार मला आवडत नाही. नुसती कोपरं. गर्दीत घुसणाऱ्या बाईसारखा. तरी काढलाय. पार्सलमध्ये एकच चेंडू आहे: सगळ्यात चांगला उसळणारा, मऊ, मिठाच्या पाण्यात दर वेळी वेगळी बाजू वर आणणारा. आदल्या रात्री मोज्यात घालून भट्टीजवळ ठेव, भट्टीत नको. खेळताना खिशातला दुसरा आणि हा आलटून पालटून उबेला ठेवू नकोस, हेक्टर म्हणतो ते नियमात बसत नाही. सुरू होण्याआधीची ऊब मात्र चालते. असं आहे बाबा त्याचं. निदान विचारलं तर सांगतो.

मुकादमाला म्हणावं, आजी येतेय.

खाली सही मी स्वतः करतेय. पेडीबाईंनी हात धरलेला नाही.

३

(धरलेला नाही, हे खरं आहे. चार वाळल्यावर मी तपासला. त्याबद्दल मी काही बोलले नाही, आणि तूही बोलू नकोस, असं मी पूर्वी लिहिलं असतं. या घरात आता तसं काही चालत नाही. तुझं तूच बघ. — इना पेडी)


ग्रीनॉक
१९ डिसेंबर १९५४

प्रिय आजी,

हे एकच पान आहे. पेडीबाईंना उलटसुलट करून दाखवायला सांग.

मुकादमाकडे गेलो आणि रजा मागितली. दोन वर्षांत पहिल्यांदाच मागितली, हे तुला आता कळेलच. तो म्हणाला, 'मला वाटलं, तुला घरदारच नाही.'

एकतीस तारखेच्या गाडीनं येतो. ताट वाढून ठेव. या वेळी जेवेन, हरलो तरी.

चेंडू मिळाला. पायरीवर टाकून बघितला, गुडघ्याच्या वर आला. आजी, तुझा चार आरशातल्यासारखा उलटा आहे. वाटेल तसा फिरवून बघितला, सरळ होतच नाही; पाय वर करून पडलेल्या खुर्चीसारखा दिसतो. सगळ्या स्कॉटलंडात असा दुसरा सापडायचा नाही, झुडपात नाही, कोणाच्या खिशात नाही. पुसू नकोस, बदलू नकोस, आणि आता दुसरा रंगवू तर मुळीच नकोस.

दोन तारखेला टार्व्हिटसाहेबांसमोर उभा राहून मोठ्यानं सांगणार आहे. तू कुंपणापाशी ये, म्हणजे तुलाही ऐकू येईल:

'माझा चेंडू लाल. उलटा चार. आजीनं रंगवलेला.'

तुझा,
वॉटी